नडगी, शिट्टी आणि समान न्याय



व्याख्यानमालेच्या चिटणीसांचे पत्र आले, तेव्हा त्यात आमच्या नावापुढे विषयाची जागा कोरी ठेवलेली होती. कामगार चळवळीतला माणूस बोनस, किमान वेतन किंवा नवे कामगार कायदे यांपैकी कशावर तरी बोलणार, अशी त्यांची खात्री असावी. आम्ही त्या कोऱ्या जागेत 'फुटबॉलमधला धोकादायक खेळ आणि पंचांचा न्याय' असे लिहून पाठविले. दुसऱ्या दिवशी चिटणीस स्वतः आले. पत्र दुसऱ्याच कोणाच्या पाकिटात पडले नाही ना, याची खात्री करून घ्यायची होती त्यांना. काल याच व्यासपीठावर संतवाङ्मय झाले, उद्या दुष्काळ आणि पाणी, आणि मध्येच हे काय, असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. शेवटी त्यांनी मान्यता दिली. सभेत घोषणा द्यायच्या नाहीत एवढी अट मात्र घातली. ती अट आम्ही पाळणार आहोत.

आम्ही कोल्हापूरचे. आपल्या गावात क्रिकेटचे मैदान आहे, कबड्डीचे संघ आहेत. फुटबॉलचे वेड म्हणजे काय याची कल्पना इथे कितपत असेल, सांगता येत नाही. आमच्याकडे पेठापेठांचे आणि तालमींचे संघ असतात. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की फौंड्रीतल्या दुसऱ्या पाळीची हजेरी पाहून कोणत्या दोन पेठा भिडणार ते सांगता येते. शाळा आम्ही नववीत सोडली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते भट्टीपुढे, सार्वजनिक वाचनालयात आणि या स्टेडियमच्या पायऱ्यांवर. तेव्हा आम्ही पंच नव्हे, खेळाडूही नव्हे. पायऱ्यांवर बसून पंचाला शिव्या घालणाऱ्या हजारोंपैकी एक, एवढाच आमचा अधिकार.

संध्याकाळी युनियनच्या कचेरीत कामगारांची तरुण मुले येऊन बसतात. तीही फुटबॉलची वेडी. पण त्यांचे फुटबॉल आता मोबाइलवर असते आणि ते इंग्लंडमधले असते. लिव्हरपूल, मँचेस्टर, न्यूकासल ही नावे त्यांच्या तोंडी अशी येतात, जणू ती कागल आणि गडहिंग्लजच्या वाटेवरची गावे. २०१७ च्या सप्टेंबरात त्यांच्यात जुंपली ती अशी. ९ तारखेला मँचेस्टर सिटी आणि लिव्हरपूल यांचा सामना होता. लिव्हरपूलचा सादियो माने उंच आलेल्या चेंडूमागे धावला, समोरून सिटीचा गोलरक्षक एडरसन डोके पुढे करून आला. मानेने पाय वर घेतला, आणि बूट चेंडूऐवजी एडरसनच्या तोंडावर बसला. त्याला स्ट्रेचरवरून नेले, गालाला आठ टाके पडले. पंच जॉन मॉस यांनी लाल कार्ड काढले. उरलेल्या वेळात लिव्हरपूल दहा जणांनिशी खेळले आणि पाच गोलांनी हरले. दुसऱ्याच दिवशी स्वानसीच्या मैदानावर न्यूकासलच्या मॅट रिचीचा बूट तसाच वर गेला आणि अल्फी मॉसनला लागला. तिथल्या पंचांनी पिवळे कार्ड दाखवून खेळ पुढे चालू केला.

मग काय विचारता! लिव्हरपूलवाला म्हणतो, "मानेची नजर चेंडूवर होती, त्याला गोलरक्षक दिसलाच नाही." सिटीवाला म्हणतो, "न दिसता पाय डोक्याएवढा उचलायचा म्हणजे आंधळ्याने मोटार हाकल्यासारखं झालं." तिसरा म्हणतो, "ते राहू दे. एकाला लाल, एकाला पिवळं, हे कसं?" आणि मग सगळे आमच्याकडे वळले : "अण्णा, तुम्हीच सांगा, हा कुठला न्याय?"

आम्ही लिव्हरपूलवाल्याला विचारले, "दोघांनाही लाल दिलं असतं तर तुझी तक्रार नव्हती?"

तो घुटमळला. म्हणाला, "नव्हती. पण आधी त्या रिचीला द्यायला पाहिजे होतं."

"अरे, तो दुसऱ्या दिवशी खेळला."

"तेच की! तोवर थांबायचं."

सगळे हसले. आम्हीही हसलो, पण हसता हसता आमच्या ध्यानात आले की हे वाक्य आम्ही तीस वर्षे ऐकत आलो आहोत. खातेनिहाय चौकशीत आरोपी कामगाराच्या बाजूने आम्ही बसतो. समोर चौकशी अधिकारी, हाती आरोपपत्र. आणि कामगार आमच्या कानात सांगतो : "साहेब, त्या अमक्याला नुसता मेमो दिला आणि मला सस्पेंड केलं." 'मी केले नाही' असे म्हणणारे थोडे. 'त्यालाही तेच द्या' असे म्हणणारे बहुतेक सगळे. मैदानावरच्या भांडणातून आम्हांला आमच्याच धंद्यातले काही उलगडत गेले, ते आज मांडायचे आहे.

प्रथम हे पाहू की पायाला जपणारा नियम या खेळात आला कसा. कारण तो पहिल्यापासून नव्हता. १८६३ च्या ऑक्टोबरात लंडनमधल्या फ्रीमेसन्स टॅव्हर्न नावाच्या खाणावळीत काही क्लबांची माणसे जमली आणि त्यांनी फुटबॉल असोसिएशन स्थापन केली. खेळाचे एकसारखे नियम करायचे होते. पहिल्या मसुद्यात चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या नडगीवर लाथ मारण्याला चक्क परवानगी होती. चोरून मारलेली लाथ नव्हे हो, नियमात बसणारी लाथ! पुढे ते कलम काढावे असे निघाले, तेव्हा ब्लॅकहीथ क्लबचे कॅम्पबेल उठले. लाथा बंद केल्या तर खेळातली मर्दुमकी जाईल, आठवडाभर सराव केलेले फ्रेंच लोक आणून मी तुम्हांला हरवून दाखवीन, अशा आशयाचे ते बोलले. दुसऱ्या बाजूला चिटणीस मोर्ली हे वकील गृहस्थ होते. त्यांचे म्हणणे साधे होते : लाथा ठेवल्या तर जाणती माणसे हा खेळ खेळणार नाहीत, तो शाळकरी पोरांपुरता उरेल. मतदान झाले, लाथा गेल्या, आणि ब्लॅकहीथ क्लब असोसिएशन सोडून निघून गेला.

आम्हांला मोर्लींचा मुद्दा फार आवडतो. त्यात दयेची भाषा नाही. जाणत्या माणसाला सामना संपल्यावर घर आहे आणि दुसऱ्या दिवशी काम आहे, एवढे त्यात गृहीत आहे. आणि कॅम्पबेलसाहेब अजून गेलेले नाहीत. यंत्राला गार्ड बसवा म्हटले की 'आमच्या काळी आम्ही असेच काम केले, आम्हांला काही झाले नाही' असे सांगणारे जुने मिस्त्री आम्ही पाहिले आहेत. सांगताना हात मात्र खिशात असतो, कारण दोन बोटे नसतात.

आता आजचा नियम. फुटबॉलचा बारावा नियम फाऊलविषयी आहे. त्यात अंगावर जाण्याच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. पहिली, निष्काळजीपणा : लक्ष दिले नाही, जपले नाही. याला फ्री किक, कार्ड नाही. दुसरी, बेपर्वाई : समोरच्याला धोका आहे याची फिकीर केली नाही. याला पिवळे. तिसरी, गरजेपेक्षा जास्त बळ किंवा समोरच्याच्या जिवाला, हातापायाला धोका होईल असे वागणे. याला लाल. आमच्या आरोपपत्रांतसुद्धा 'कामात हयगय' आणि 'घोर हयगय' असे शब्द असतात, आणि हयगय घोर कुठून होते यावर आम्ही दुपारच्या दुपार घालविलेल्या आहेत. त्यामुळे पंचाला हे तीन तागडे दीड सेकंदात तोलावे लागतात, याचे आम्हांला भय वाटते.

याशिवाय 'धोकादायक खेळ' म्हणून एक वेगळी बाब आहे, तीत स्पर्शसुद्धा झालेला नसतो. पाय इतका वर गेला की शेजारचा खेळाडू लागेल या भीतीने मागे सरला, तरी तो गुन्हा. त्याला अप्रत्यक्ष फ्री किक मिळते. खेळाडूने स्वतःचे डोके गुडघ्याएवढे खाली घालून स्वतःलाच धोक्यात आणले तरी तो धोकादायक खेळ होऊ शकतो. भीतीने मागे सरणे हे नुकसान आहे, असे मानणारा कायदा आम्हांला कारखान्यात क्वचितच भेटला.

हेतूचे काय? पूर्वी नियमांत हेतूला मोठी जागा होती. मुद्दाम लाथ मारली का, मुद्दाम पाडले का, हे पंचाने ठरवायचे. १९९५ च्या सुमारास ती भाषा मागे पडली आणि निष्काळजीपणा, बेपर्वाई, जादा बळ हे शब्द आले. आमच्या मते ही फार मोठी सुधारणा झाली. मनात काय होते ते कोणी पाहावे? माने सभ्य खेळाडू. त्याने एडरसनची माफीही मागितली. त्याचा हेतू वाईट होता असे सिटीवाला पोरगाही म्हणत नव्हता. पण बूट ज्या उंचीवर होता तिथे समोरच्याचे डोके येणार हे कळण्यासाठी हेतू लागत नाही. १९९८ साली आणखी एक पाऊल पडले : मागून येऊन समोरच्याला धोका होईल असे टॅकल केले तर सरळ बाहेर. हे यायला उशीर झाला. हॉलंडचा मार्को व्हॅन बास्टेन, त्या काळचा पहिल्या दर्जाचा आघाडीचा खेळाडू, मागून होणाऱ्या टॅकलनी त्याचा घोटा निकामी करून टाकला. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. १९९३ साली शेवटचा सामना खेळला तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता.

हेतू गेला, तरी त्याच्या जागी दुसरा एक खोटा साक्षीदार येऊन बसतो. तो म्हणजे रक्त. यावर थोडे थांबले पाहिजे, कारण इथे आम्ही स्वतः चुकलो आहोत.

३ नोव्हेंबर २०१९ रोजी लिव्हरपूल शहरातच, एव्हर्टनच्या मैदानावर, टॉटनहॅमच्या सन ह्युंग-मिनने एव्हर्टनच्या आंद्रे गोम्सला मागून टॅकल केले. टॅकल वाईट होते, पण असली टॅकल रोज होतात. पंच मार्टिन ॲटकिन्सन यांनी पिवळे कार्ड काढले. इतक्यात गोम्सचा पाय पाहिला गेला. तोल जाऊन तो दुसऱ्या एका खेळाडूवर आदळला होता आणि त्याचा घोटा मोडून वाकडा झाला होता. सन स्वतः तोंड झाकून रडत होता. पंचांनी पिवळे मागे घेऊन लाल दाखविले. दोन दिवसांनी असोसिएशनने ते लाल रद्द केले. बरोबरच केले. टॅकल पिवळ्याचे असेल तर घोटा मोडल्याने ते लाल होत नाही. आणि लाल असेल तर घोटा वाचला म्हणून ते पिवळे होत नाही.

आता आमची गोष्ट. एका कारखान्यात, नाव घेत नाही, दोन पॉवर प्रेस शेजारी शेजारी होते. नगावर दाम. गार्ड लावून काम केले तर दिवसाला नग कमी निघतात, म्हणून दोन्ही प्रेसवरच्या कामगारांनी गार्ड काढून ठेवलेले. सुपरवायझर ते रोज पाहत होता आणि नग मोजून घेत होता. एके दिवशी एकाच्या उजव्या हाताची तर्जनी गेली. व्यवस्थापनाने त्यालाच आरोपपत्र दिले : सुरक्षा साधन काढून टाकले. शेजारच्याला काही नाही. त्याची बोटे शाबूत होती ना! आम्ही चौकशीत उभे राहिलो आणि समान वागणुकीचा मुद्दा घेतला : दोघांनी एकच कृत्य केले, मग एकालाच शिक्षा का? मुद्दा इतका बिनतोड होता की आरोप मागे घेतला गेला. आमचा सत्कार झाला, पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही खात्यात गेलो, तर दोन्ही प्रेस गार्डवाचून चालू. एकावर नवा पोरगा बसविलेला.

तो दिवस आम्ही विसरलेलो नाही. समानता मिळाली होती. सगळ्यांना सारखेच सोडले गेले होते. औद्योगिक विवाद कायद्यात १९७१ साली ११-अ कलम आले आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानाने जड असेल तर ती हलकी करण्याचा अधिकार न्यायाधिकरणांना मिळाला. त्या कलमाच्या आधारे आम्ही कितीक माणसांची नोकरी वाचविली, त्याचा आम्हांला अभिमान आहे. परंतु जिथे दुसऱ्याच्या हाडामांसाचा प्रश्न असतो, तिथे 'त्याला सोडले, मलाही सोडा' हे म्हणणे आणि 'मला धरले, त्यालाही धरा' हे म्हणणे यांत मोठा फरक आहे, आणि आम्ही बहुधा पहिलेच म्हणत आलो. लिव्हरपूलच्या पोराला आम्ही हसलो, पण तोही हेच म्हणत होता.

रक्ताच्या उलट बाजूचा दाखलाही आहे. सेव्हिलमध्ये ८ जुलै १९८२ रोजी विश्वचषकाचा उपान्त्य सामना झाला, पश्चिम जर्मनी आणि फ्रान्स यांचा. फ्रान्सचा बातिस्तों बदली म्हणून नुकताच आत आला होता. तो एकटा चेंडूमागे धावला आणि त्याने चेंडू मारला. जर्मन गोलरक्षक शुमाखर धावत येऊन उडाला आणि त्याचा कमरेचा भाग बातिस्तोंच्या तोंडावर आदळला. बातिस्तों बेशुद्ध पडला, दोन दात गेले, मणक्याला इजा झाली. प्लातिनीला वाटले, हा गेलाच. आणि डच पंच कोर्व्हर यांनी काय दिले? गोल किक. फाऊलसुद्धा नाही! चेंडू बाहेर गेला होता, पंचांची नजर त्याच्यामागे गेली होती. तोच शुमाखर पुढे दोन पेनल्ट्या अडवून सामना जिंकून गेला. इथे रक्त पंचासमोर मैदानावर पडलेले होते, तरी उपयोग झाला नाही, कारण कृत्यच दिसले नव्हते.

म्हणून पंच डोळ्यांनी दुबळा आहे, त्याला साहाय्य द्या, अशी मागणी झाली. कार्डांचा शोधच मुळी अशा एका फजितीतून लागला. चिलीत २ जून १९६२ रोजी सांतियागोला चिली विरुद्ध इटली हा सामना झाला. त्याला लोक सांतियागोची लढाई म्हणतात. पंच होते इंग्लंडचे केन ॲस्टन. चिलीच्या लिओनेल सांचेझने, जो एका मुष्टियोद्ध्याचा मुलगा होता, इटलीच्या डेव्हिडला गुद्दा मारला. तो मैदानातच राहिला. थोड्या वेळाने डेव्हिडने सांचेझला मानेच्या उंचीवर लाथ घातली. त्याला बाहेर काढले. आधीच बाहेर काढलेला फेरिनी जायला तयार नव्हता, पोलीस आणावे लागले. भाषा कोणाची कोणाला कळत नव्हती. चार वर्षांनी इंग्लंडमधल्या विश्वचषकात अर्जेंटिनाचा कर्णधार रातीन असाच अडून बसला. त्या वेळी ॲस्टन पंचांचे प्रमुख होते. घरी जाताना रस्त्यावरचे हिरवे-पिवळे-तांबडे दिवे पाहून त्यांना कल्पना सुचली, आणि १९७० साली मेक्सिकोत पिवळी आणि लाल कार्डे आली. कोणाला काय शिक्षा झाली हे शेवटच्या पायरीवरच्या माणसालाही कळू लागले. आम्ही याला फार महत्त्व देतो. शिक्षा जाहीर झाली, तेव्हाच तुलना सुरू झाली. पिवळे कोणाला आणि लाल कोणाला, हा वाद पोरांनी घालायला आधी पिवळे आणि लाल दिसावे लागते.

परंतु सांतियागोचा गुद्दा आणि लाथ यांकडे पुन्हा पाहा. डेव्हिडने लाथ मारली ती चूकच. पण गुद्द्याला शिक्षा झाली असती तर ती लाथ मारलीच गेली नसती, हे म्हणायला ज्योतिषी लागत नाही. पहिला गुन्हा सुटला की मैदानावरची बावीस माणसे मनाशी नोंद घेतात : आज एवढे चालते.

जोहान्सबर्गला ११ जुलै २०१० रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हेच घडले, असे आमचे मत आहे. २८ व्या मिनिटाला हॉलंडच्या डी याँगने स्पेनच्या शाबी अलोन्सोच्या छातीत बुटाचे स्टड रोवले. पंच हॉवर्ड वेब यांच्या आड माणसे आली होती. त्यांना नीट दिसले नाही आणि त्यांनी पिवळे दिले. ते लाल असायला हवे होते, हे पुढे त्यांनी स्वतः मोकळेपणाने सांगितले. अंतिम सामना, त्यात अर्धा तासही झालेला नाही, जग पाहते आहे. अशा वेळी खेळ बिघडवू नये असा मोह कोणालाही होईल. वेब यांनी त्या सामन्यात चौदा पिवळी कार्डे दाखविली. खेळ वाचविता वाचविता कार्डांचा ढीग झाला.

मग यंत्र आले. २०१८ साली नियमांत चित्रफीत पाहून पंचाला साहाय्य करण्याची पद्धत घातली गेली. पोरे तिला व्हार म्हणतात. आम्हांला वाटले, वाद संपला. पण १७ ऑक्टोबर २०२० रोजी एव्हर्टनच्या गोलरक्षक पिकफर्डने लिव्हरपूलच्या व्हॅन डाइकच्या गुडघ्यावर उडी घातली. गुडघ्याचा बंध तुटला, त्याचा सारा हंगाम गेला. व्हॅन डाइक ऑफसाइड ठरला म्हणून पेनल्टी नाही, हे समजते. ऑफसाइडने टॅकलचा गुन्हा मात्र धुतला जात नाही. तरी ना लाल, ना पिवळे. मैदानावर पंच, दूर खोलीत पडद्यापुढे दुसरा पंच, चित्रफीत हाताशी, आणि कार्ड काही निघाले नाही. शिवाय सावकाश चालविलेल्या चित्रात प्रत्येक धक्का मुद्दाम मारल्यासारखा दिसतो. म्हणून नियमकर्त्यांनीच सांगून ठेवले आहे की स्पर्श कुठे झाला ते सावकाश पाहा, जोर किती होता ते मात्र नेहमीच्या वेगाने पाहा. यंत्र डोळा देते. तागडी माणसालाच धरावी लागते.

हे सगळे इतक्या आग्रहाने सांगण्याचे कारण असे की आमच्या लेखी खेळाडू हा कामगार आहे. ही आमची युनियनची खोड आहे असे समजू नका. इंग्लंडमध्ये क्रिस्टल पॅलेस क्लबच्या वॉकर नावाच्या खेळाडूचा गुडघा दुखावला, तेव्हा व्यावसायिक फुटबॉलपटू नुकसानभरपाईच्या कायद्याखाली कामगार ठरतो की नाही हा प्रश्न अपील न्यायालयापुढे गेला. न्यायालय म्हणाले, ठरतो. हा निकाल १९१० च्या न्यायवृत्तांत छापलेला आहे. त्याच्या थोडे आधी, १९०७ साली, मँचेस्टरमध्ये बिली मेरेडिथ आणि त्याच्या सोबत्यांनी खेळाडूंची युनियन काढली होती. त्या युनियनला आठवड्याच्या पगारावरची कमाल मर्यादा मोडायला १९६१ साल उजाडले. तोवर कितीही मोठा खेळाडू असला तरी त्याला आठवड्याला वीस पौंडांच्या वर पगार देता येत नव्हता. आणि १९८५ साली तिथल्याच अपील न्यायालयाने एका गल्लीतल्या लीगमधल्या बेपर्वा टॅकलबद्दल, ज्यात एकाचा पाय मोडला होता, भरपाई देण्याचा निकाल कायम केला. गंमत अशी की टॅकल करणारा खालसा फुटबॉल क्लबचा होता. मैदानावर उतरलो म्हणजे नडगी दुसऱ्याच्या स्वाधीन केली, असे कायदा मानीत नाही.

आता पायऱ्यांवरच्या आम्हां लोकांविषयी सांगतो आणि थांबतो.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या पेठेचा सामना होता. आमच्या बचावफळीतला एक गडी, त्याला आम्ही 'बुलडोझर' म्हणायचो, दोन्ही पाय पुढे करून घसरत गेला आणि समोरच्या पेठेचा एक सडपातळ पोरगा आडवा झाला. आवाज आमच्या पायरीपर्यंत आला. पंच एका शाळेतले क्रीडाशिक्षक होते. त्यांनी क्षणभरही न थांबता लाल कार्ड काढले. आम्ही उभे राहून ओरडलो, "नाटक करतोय! उठवा त्याला!" आमच्या गळ्यात जेवढा आवाज होता तेवढा काढला. पंचांच्या घराण्याचाही उद्धार झाला. सामना आम्ही हरलो, बाहेर दगड पडले, पंचांना पोलिसांच्या गाडीतून घरी पोचवावे लागले.

चौथ्या दिवशी युनियनच्या कचेरीत एका फौंड्रीचे दोघे कामगार आले. त्यांच्याकडचा एक कंत्राटी मदतनीस, नाव हजेरीपटावर नाही, त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. घरी आई आणि धाकटी बहीण. वर्गणी काढायची होती. पावतीपुस्तक आमच्या हातात होते. "कुठं मोडला?" आम्ही विचारले. "स्टेडियमवर," त्यांनी सांगितले.

जमलेले पैसे घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो. पाय प्लास्टरमध्ये, उशाशी पाण्याचा तांब्या. त्याने आम्हांला ओळखले नाही. हजारो तोंडांतले एक तोंड कोण ओळखणार? आम्हीही त्या दिवशी सांगितले नाही. ते सांगायला आम्हांला तीन वर्षे लागली. तोवर तो लंगडत का होईना पण कामावर परतला होता आणि युनियनचा सभासद झाला होता. चहा पिताना आम्ही सांगून टाकले, की तुला उठवा म्हणून ओरडणाऱ्यांत आम्ही होतो.

त्याने पेला खाली ठेवला. म्हणाला, "अण्णा, ते पंच बरोबर होते. पण एक सांगू का? पहिल्या पंधरा मिनिटांत मीच तुमच्या एकाला तसाच घातला होता. दोन्ही पाय पुढं. त्याला लागलं नाही म्हणून पंचांनी नुसतं बोट दाखवलं. तेव्हा आमची पोरं टाळ्या वाजवीत होती, आणि तो तुमचा बुलडोझर माझ्याकडं बघत होता."